वडूजला नेलेल्या फ्लॉप्या

मॅक कॉम्प्युटरवर कुठले बारके प्रोग्राम टाकावेत, असं मला त्या काळात जो तो विचारायचा. नव्वदनंतरची वर्षं ती. सांगली-साताऱ्याकडं गावोगाव डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देणारी, दुकानं निघत होती, बहुतेकांकडं पीसी, पण कुठं कुठं मुंबई-पुण्याच्या जाहिरातवाल्यांनी काढून टाकलेला एखादा जुना मॅक येऊन पडलेला असायचा. तो अडला की सांगलीत आमच्या प्रेसमध्ये फोन. "बाई, तुमच्याकडं ते घड्याळाचं आहे का?" "बाई, ते काचेवर मासे पोहतात ते द्या की." बाई म्हणायचे मला, जशी काही मी शाळेत शिकवत होते. मी सातवीपर्यंत शिकलेली. प्रेसमध्ये आले ती छापलेल्या कागदांच्या घड्या घालायला. मग अक्षरांचे खिळे जुळवायला शिकले. खिळ्यांचे दिवस सरले तेव्हा मालकांनी एक मॅक आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बसा." कसं बसायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी बसले. हे दाबून बघ, ते दाबून बघ, असं करत शिकले. कोण शिकवणार होतं?

आता बारके प्रोग्राम म्हणजे काय, तर मूळ मशीनबरोबर जे येत नाही पण ज्याच्यावाचून रोजचं काम हैराण करतं, अशी एकेक छोटी सोय. एका फ्लॉपीवर चार-चार मावायच्या. कुणी पुण्याहून आणायचं, कुणी कोल्हापूरच्या दुरुस्तीवाल्याकडून उतरवून घ्यायचं, आणि हातोहात फिरायच्या. माझ्याकडं चिवड्याचा एक चपटा डबा होता, त्यात मी सगळ्या जपून ठेवलेल्या.

लोकांना वाटायचं, जास्त टाकलं की मशीन जास्त हुशार. तसं नाही हो ते. मॅक चालू होताना काचेच्या तळाशी या सोयींची चित्रं एकेक करून येऊन बसतात, पंगतीला माणसं बसावीत तशी. पंगत लांबली की वाढणारा दमतो. मशीन मध्येच थिजून उभं राहतं, माऊसचा बाणसुद्धा हलत नाही. मग काय करायचं, तर बंद करून पुन्हा चालू करताना शिफ्टचं बटण दाबून धरायचं, म्हणजे त्या सगळ्यांना उपाशी उठवून मशीन एकटं चालू होतं. ही शिफ्टची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! सांगून सांगून कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर त्या वर्षी मला सगळ्याचाच कंटाळा आला होता. काचेकडं बघून बघून डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं, माऊस धरून उजवं मनगट सुजलेलं, घरी येऊन भाकरी थापायला घेतली की हात कुणा दुसऱ्याचाच आहे असं वाटे.

दसरा होऊन गेलेला. लग्नसराई तोंडावर. अशात एका दुपारी फोन आला, माझ्या धाकट्या नणंदेच्या मुलीचा. आष्ट्याची पोरगी, वडूजला दिलेली. जावई मुंबईत कामाला. त्याच्या कचेरीनं जुना झाला म्हणून एक मॅक काढला, तो त्यानं घरी आणून दिला आणि बायकोला सांगितलं, तुझ्या मामीकडून शीक. ती माझ्याकडं येऊन राहिली, शिकली, आणि परत गेल्यावर घराच्या पुढच्या सोप्यात तिनं पाटी लावली. पत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, शाळेचे पेपर. तिच्याकडं छापायची सोय नव्हती. ती मजकूर जुळवून फ्लॉपीवर घ्यायची, ती फ्लॉपी एस.टी.नं कराडच्या प्रेसला जायची.

"मामी," ती फोनवर म्हणाली, "तुमी या. मशीन विकायला काढलंय."

"कुणी?"

"मामंजींनी. मायणीचा फोटोवाला रविवारी बघायला येणाराय. फ्लॉपी आत अडकलीया, वाचत न्हाई न् भाईर पण येत न्हाई. काम सगळं मशीनच्या पोटात. लोक येऊन बसत्यात, मी काय सांगू?"

"अगं, मग कोल्हापूरच्या दुरुस्तीवाल्याला..."

"न्हाई मामी, तुमीच या. फोनवर न्हाई सांगता यायचं."

बूथवरनं बोलत होती, मागं कुणीतरी खोकत उभं होतं. मी हो म्हटलं.

तिचं काय पणाला लागलं होतं ते मला कुणी सांगायला नको होतं. नवरा वर्षातनं दोनदा घरी येणार. जमीन पावसावरची, आणि पाऊस तिकडं कसा ते काय सांगू. दोन वर्षं ही पोरगी त्या घरात नुसती 'सून' होती. मशीन आलं आणि लोक दारात येऊन "ताई हायत का?" असं विचारायला लागले. सासऱ्यांना नाही, दिराला नाही, तिला विचारायचे. ते मशीन गेलं असतं तर त्या सोप्यात पेंडीची पोती लागली असती आणि ही खुरपं घेऊन रानात गेली असती. रानात जाण्यात वाईट काही नाही. पण एकदा माणसाला स्वतःचं नाव मिळालं, की ते परत देताना फार जड जातं.

रविवार तेवढा माझा झोपायचा दिवस. त्या रविवारी मी डबा पिशवीत घालून विट्याच्या गाडीत बसले. विट्याला गाडी बदलली. पुढं उभ्यानं. मायणीला जागा मिळाली तेव्हा पाय असे झाले होते की बसताना कळ आली. खिडकीतून बघावं तर उजाड माळ आणि मेंढरं. मनात म्हटलं, काय बाई तुझा उद्योग. स्वतःच्या मशीनवर पत्रिकांचा ढीग पडलाय आणि तू दुसऱ्याच्या मशीनला औषध घेऊन चाललीयस.

घरी पोचले तर सासरे सोप्यातच बसलेले. त्यांना सगळे आण्णा म्हणत. उंच माणूस, पटका काढून मांडीवर ठेवलेला.

"या इहीणबाई. गाडीनं लय तरास झाला आसंल."

"न्हाई ओ, मायणीपासनं बसायला मिळालं."

"आता आलाय तर बघा, पर त्याच्यात काय राम ऱ्हायला न्हाई. पोरगी दिसभर बडवतीया, आन् भाईर कायबी निघत न्हाई. खातंय ते पोटात ठिवतंय. आसलं जनावर कोण दावणीला ठिवंल?"

आतून विहीणबाई, म्हणजे भाचीच्या सासूबाई, म्हणाल्या, "आवं, तिला चा तर घिऊ द्या! दारातच बाजार मांडलाय."

मी तोंड धुवायच्या निमित्तानं आत गेले. भाची चुलीपाशी चहाला बसलेली. सासूबाई दूध आणायला परड्यात गेल्या तशी ती हळूच म्हणाली, "मामी, काय झालंय ते मला म्हाईत हाय."

"मग सांगत का न्हाईस?"

"कुणाला सांगू? खंडेनवमीला मामंजींनी पूजा मांडली. विळं, खुरपी, तराजू, आत्याबाईंची शिलाई मशीन, आन् हे. म्हणाले, चालू कर, देवासमोर बंद यंत्र नगं. मी केलं. मामी, ते चालू होताना हसतंय न्हवं का..."

हे ज्यांनी जुना मॅक बघितला नाही त्यांना सांगायला हवं. मशीन चालू केलं की सगळ्यात आधी काचेवर एक बारकं चित्र यायचं, हसऱ्या तोंडाचं. सगळं ठीक आहे, असं सांगायची ती मशीनची रीत. आणि काचेच्या खाली फ्लॉपी घालायची आडवी फट. बघणाऱ्याला खरंच वाटावं की वर चेहरा आहे आणि खाली तोंड उघडं आहे.

"मी आत पाण्याचा तांब्या आणाय गेले," ती म्हणाली. "परत आले तर मामंजी हात जोडून उभं. फुलं वर, कुंकू कपाळाला. आन् त्या फटीत चिमूटभर अक्षता सोडलेल्या. म्हणाले, सगळ्यांस्नी दिल्या, ह्यालाच कशा न्हाई? मी काय बोलू? देवाचं हाय ते. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी घातली ती वाकडी गेली न् तितंच बसली."

"जावईबापूंना सांगायचं."

"त्यांना सांगितलं तर ते भावकीत हसत सांगतील. मामंजींना गावात मान खाली घालाय लागंल. मग मशीन ऱ्हायलं काय न् गेलं काय!"

मी चुलीपुढं टेकून बसले. एवढा प्रवास करून आले होते, डब्यात चांगल्या चांगल्या सोयी होत्या, आणि इथं सगळं अडलं होतं चार तांदळांवर. हसावं का रडावं! आणि आता हे त्यांच्या तोंडावर सांगायचं कुणी? मी. मुलीकडची बाई. सोयऱ्याच्या घरी चहा पिऊन, 'पावणं, तुमच्या पूजेनं यंत्र बिघडलं,' असं म्हणायचं. त्यापेक्षा मी उभ्यानं सांगलीला परत गेले असते.

चहा झाला. मी सोप्यात येऊन मशीनसमोर बसले आणि म्हटलं, "आण्णा, बॅटरी हाय का घरात? मला डोळ्यानं नीट दिसत न्हाई. तेवढा उजेड धरा."

"पोरगी धरंल की."

"तिचा हात हलतोय. तुमचा हात बरा."

ते उठले. बॅटरी आणली, आणि माझ्या खांद्यामागून फटीवर उजेड पाडला. मी केसातला आकडा काढून सरळ केला. मॅकच्या फटीशेजारी एक बारकं भोक असतं, फ्लॉपी अडली तर त्यात तार खुपसून आत जोर द्यायचा. मी जोर दिला. कुरकुर झाली. फ्लॉपी निम्मी बाहेर आली आणि तिच्याबरोबर दोन लाल तांदूळ टेबलावर पडले.

माझ्या मागून येणारा बॅटरीचा उजेड फटीवरून सरकून तांदळांवर आला.

मी फ्लॉपी सांभाळून ओढून घेतली. तिच्या पत्र्याला कुंकू लागलं होतं. म्हटलं, "अजून आत हाय काहीतरी. आण्णा, सायकलचा पंप मिळंल का?"

तेच जाऊन पंप घेऊन आले. शेजाऱ्याकडून आणला असावा, कारण बाहेर कुणीतरी विचारलेलं ऐकू आलं, "पंक्चर झाली व्हय आण्णा?" आणि यांचं उत्तर, "व्हय व्हय, तसंच कायतरी." मी नळी फटीशी धरली, त्यांनी दाब दिला. एक तांदूळ उडून माझ्या मांडीवर आला. लाल धूळ निघाली. पुन्हा दाब दिला, पुन्हा थोडी. मग एक निकामी फ्लॉपी आत घालून बघितली, ती घरघरली आणि मशीननं तक्रार केली. काढली, फुंकलं, परत घातली. असं किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. मनगटातनं कळा येत होत्या.

शेवटी विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. टेबलावरचे तांदूळ त्यांनी बघितले, नवऱ्याकडं बघितलं.

"आता कळलं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातचं खाऊन कुणाला पचलंय? माझ्या म्हशीलाबी आसंच पेंड चारून आजारी पाडलं व्हतं!"

भाचीनं पदर तोंडाला लावला. मी काचेकडंच बघत राहिले. आण्णांनी पंप खाली ठेवला. मग म्हणाले, "ते हसत व्हतं गं. तोंड उघडं. सणाच्या दिशी रिकामं कसं ठिवायचं?"

त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, असं मला वाटलं, आणि तसं मी म्हणाले. "आण्णा, आमच्या प्रेसात मालकांनी कटिंग मशीनवर नारळ फोडला होता. आठ दिवस त्या पाण्यानं पातं गंजत होतं." ते हसले. पहिल्यांदाच.

मग त्यांनी टेबलावरचे, माझ्या मांडीवरचे, सगळे तांदूळ एकेक करून उचलले, तळहातावर घेऊन बाहेर गेले आणि तुळशीत घालून आले. आले ते सरळ मशीनपाशी. "आता चालंल?"

चाललं. भाचीनं तीच अडकलेली कामाची फ्लॉपी पुसून घातली. काचेवर फ्लॉपीचं चित्र उमटलं. आत कुणाची तरी पत्रिका होती, तळाशी 'किलबिली'त छापायच्या पोरांच्या नावांसकट शाबूत.

मग मी डबा उघडला. आण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले, आता त्यांना सगळं बघायचं होतं. "ह्यात काय काय औषधं हायती?"

म्हटलं, "हायत पुष्कळ, पण मी थोडीच देणार." भाचीला आधी दिली ती आपोआप साठवून ठेवणारी सोय. वडूजला लाईट कवा जाईल सांगता येत नाही. ही सोय मागं बसून थोड्या थोड्या वेळानं काम साठवत राहते, लाईट गेली तर शेवटच्या दोन ओळी जातात, पत्रिका जात नाही. कुणी मला एकच सोय निवडायला सांगितली, तर मी हीच सांगते. दुसरी दिली ती आखूड अक्षरांची. दोन अक्षरं टाकली की ठरलेली आख्खी ओळ उमटते. पत्रिकेत तेच तेच किती असतं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'अगत्य येण्याचे करावे' पर्यंत. मनगट वाचतं. पण तिला बजावलं, माथ्यावरच्या ओळीला ही लावू नकोस. कुणाची कुलस्वामिनी, कुणाच्या पत्रिकेवर तथागत, कुणाच्या सातशे शहाऐंशी. ती ओळ दर घराला विचारून, हातानंच टाकायची. यंत्राला माणसाचं घर कळत नाही.

"खरं हाय," आण्णा म्हणाले.

तिसरी दिली ती कुठल्या बटणाखाली कुठलं मराठी अक्षर आहे ते काचेवर दाखवणारी. जोडाक्षराला अडलं की ती उघडून बघायची, भिंतीवर तक्ता लावायला नको. आणि मासे पोहणारी? ती मी देणार नव्हते. सुंदर आहे, काचेचं रक्षण करते म्हणतात, पण जुन्या मशीनला धाप लागते. पण आण्णांनी त्या फ्लॉपीवर चिकटवलेलं माशांचं चित्र बघितलं होतं.

"ते माशाचं काय?"

"त्यानं मशीन दमतं, आण्णा."

"मग नगं. दमवू नगा त्याला."

फोटोवाला आला तेव्हा भाची मजकूर जुळवायला बसलेली. मोटारसायकल दारात लावून तो आत आला, गळ्यात कॅमेऱ्याची पिशवी. "काय आण्णा, हेच का ते मशीन? चालू दिसतंय की!"

"बसा," आण्णा म्हणाले.

"बसतो कशाला, बघतो न् सौदा करून टाकतो. तुमीच म्हणला हुता..."

"म्या म्हणलो हुतो. मशीन माझं न्हाई पर. तिला इचारा."

फोटोवाल्यानं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि शेवटी नाइलाजानं भाचीकडं. एवढा वेळ ती त्या सोप्यात आहे हेच त्यानं जमेस धरलं नव्हतं.

"काय वैनी?"

तिची बोटं थांबली नाहीत. "बसा भावजी. येवढी ओळ हू द्या." ओळ झाली. तिनं मान वर केली. "न्हाई इकायचं."

"मग आण्णा मला हेलपाटा..."

"हेलपाटा कशाला वाया घालवता? तुमच्या आल्बमवर नवरा-नवरीची नावं तुमी हातानं रंगवता न्हवं? ती मी जुळवून दीन. मजकूर सांगा, फुडच्या रविवारी फ्लॉपी तयार."

तो खुर्चीवर बसला. विहीणबाईंनी आतून पुन्हा चहा पाठवला, यावेळी भाचीच्या हाती नाही, स्वतः घेऊन आल्या आणि मशीनशेजारी तिच्यासाठीही एक कप ठेवला.

मी भिंतीला टेकले. परतीच्या गाडीला वेळ होता, हात उचलवत नव्हता. फोटोवाला नावं सांगत होता, आण्णा मध्येच त्याला थांबवत होते, "जरा दमानं सांगा, ती टाकतीया." ते ऐकता ऐकताच माझा डोळा लागला.